कोर्स नंबर कसा वाचायचा आणि आपल्या पातळीचा पेपर कसा निवडायचा

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या खिडकीशी एकच प्रश्न फिरत असतो : "सर, ओई कोणता घेऊ? सोपा कोणता?" ओई म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतून निवडायचा खुला पेपर. सरांना गर्दीतून उत्तर द्यायला सवड नसते. मग उत्तर मित्राकडून मिळतं, नाहीतर फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्या दादाकडून. दोघेही कोडकडे बोट दाखवून सांगतात, १०१ म्हणजे सोपा, ३०१ म्हणजे अवघड. हा हिशेब अर्धाच खरा आहे. नंबरातला पहिला आकडा कुठे पातळी सांगतो, कुठे सेमिस्टर, तर कुठे काहीच सांगत नाही. एकाच विद्यापीठाच्या जुन्या आणि नव्या पॅटर्नमध्येही त्याचा अर्थ बदललेला असू शकतो. म्हणून आधी नंबर काय सांगतो ते ठरवायचं, मग आपली पातळी बघायची, आणि पेपरावर टिक त्यानंतर.

हा लेख मुख्यतः कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी आहे. इंजिनीअरिंग आणि फार्मसीचे नियम वेगळे असतात. त्या मुलांनी पहिले दोन टप्पे घ्यावेत, बाकी आपल्या कॉलेजात विचारावं.

तयारी : फॉर्म उघडण्याआधी हे कागद जवळ हवेत

- आपल्या विषयाचा सिलॅबस, विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेला. पहिल्या पानावर "शैक्षणिक वर्ष अमुकपासून लागू" असं लिहिलेलं असतं, ते वर्ष आधी बघा.
- त्याच सिलॅबसमधला रचनेचा तक्ता. कोणत्या सेमिस्टरला कोणता पेपर आणि किती क्रेडिट (म्हणजे तासांवरून ठरणारं पेपराचं वजन) हे एका नजरेत दिसतं ते पान. मुलं नेमकं हेच पान सोडून युनिटवर उडी मारतात.
- कॉलेजने यंदा प्रत्यक्षात चालवायला घेतलेल्या पेपरांची यादी. विद्यापीठाच्या बास्केटमध्ये, म्हणजे निवडीच्या यादीत, वीस पेपर असतील आणि तुमच्या कॉलेजात त्यांतले चारच शिकवायला माणूस असेल. निवड त्या चारांतूनच करायची आहे.
- बारावीची गुणपत्रिका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर आधीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका.
- एक कोरा कागद आणि पेन. मोबाइलच्या पडद्यावर सहा सेमिस्टरचा तक्ता डोक्यात राहत नाही.

सावधान : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा यादीचा फोटो वापरू नका. त्यात वर्ष कापलं गेलेलं असतं आणि गेल्या वर्षीची यादी यंदाची म्हणून खपते. शिवाय जळगावचं मूळजी जेठा किंवा अमळनेरचं प्रताप ही महाविद्यालयं स्वायत्त आहेत. त्यांचे सिलॅबस आणि कोड त्यांचे स्वतःचे. तिथे शिकणाऱ्या चुलत भावाचा कोड चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या संलग्न कॉलेजात लागू होईलच असं नाही.

टप्पा १ : कोड फोडून वाचा

कोड हा एक शब्द नाही, त्याचे तुकडे असतात. समजण्यापुरता एक नमुना घेऊ : एमटीएच-डीएससी-२१३-पी. प्रत्येक विद्यापीठाची मांडणी थोडी वेगळी असते, पण तुकडे साधारण हेच.

पहिली अक्षरं विषयाची. एमटीएच म्हणजे गणित. ही बहुतेकांना कळतात.

दुसरा तुकडा पेपर कोणत्या खान्यातला ते सांगतो, आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. डीएससी हा मुख्य विषयाचा सक्तीचा पेपर आणि डीएसई हा मुख्य विषयातला निवडीचा. ओई किंवा जीई म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा खुला पेपर. व्हीएससी मुख्य विषयाला धरून असलेल्या व्यावसायिक कौशल्याचा, एसईसी कौशल्यवाढीचा, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा आणि आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरेचा. मायनर म्हणजे दुय्यम विषय. ओजेटी ही प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायची उमेदवारी, एफपी हा क्षेत्रीय प्रकल्प, सीईपी हे समाजात जाऊन करायचं काम.

तिसरा तुकडा आकड्यांचा. त्यातला पहिला आकडा पुढच्या टप्प्यासाठी ठेवा. उरलेले दोन बहुतेक वेळा नुसता अनुक्रम असतात. २१३ हा २११ पेक्षा अवघड असतो असं काही नाही, तो यादीत खाली आहे इतकंच.

शेवटचं अक्षर असलं तर ते थिअरी की प्रॅक्टिकल ते दाखवतं. काही ठिकाणी अक्षराऐवजी प्रॅक्टिकलला वेगळा आकडाच दिलेला असतो.

तपासणी : कागदावर आपल्या या सेमिस्टरचे सगळे कोड एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे खाना लिहा. एखाद्या कोडचा खाना सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका, रचनेच्या तक्त्यात शोधा.

टप्पा २ : पहिला आकडा नेमका काय सांगतो ते ओळखा

तीन पद्धती आढळतात.

पहिल्या पद्धतीत आकडा म्हणजे सेमिस्टर. पहिल्या सेमिस्टरचे पेपर १०१, १०२, दुसऱ्याचे २०१, २०२ आणि सहाव्याचे ६०१. इथे ५०१ हा तिसऱ्या वर्षाचा, पाचव्या सेमिस्टरचा पेपर झाला.

दुसऱ्या पद्धतीत आकडा म्हणजे वर्ष किंवा पातळी. पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरचे पेपर १ ने सुरू होतात, दुसऱ्या वर्षाचे २ ने. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो क्रेडिट आराखडा दिला, त्यातली क्रमांक लावण्याची रीत हीच. इथे ५०१ म्हणजे एम.ए.-एम.एस्सी.चं पहिलं वर्ष.

तिसऱ्या पद्धतीत आकडा हा निव्वळ यादीतला नंबर. त्यातून पातळी काढायला जाऊ नका.

ओळखायची युक्ती सोपी आहे. रचनेच्या तक्त्यात प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरचे पेपर बघा. ते २ ने सुरू होत असतील तर पद्धत सेमिस्टरची. १ ने सुरू होत असतील तर वर्षाची किंवा पातळीची. दोन्ही सेमिस्टरमध्ये काहीच ताळमेळ दिसत नसेल तर तिसरी. पहिल्या सेमिस्टरकडे बघून हे कळत नाही, कारण पहिल्या दोन्ही पद्धतींत तिथे १ च असतो. प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या हातात मात्र पहिल्या सेमिस्टरचीच यादी असते, म्हणून तो फसतो.

सावधान : सेमिस्टरच्या पद्धतीत एम.एस्सी.ची गणती पुन्हा १ पासून सुरू होऊ शकते. म्हणजे बी.एस्सी.चाही १०१ आणि एम.एस्सी.चाही १०१. पुस्तकांच्या दुकानात किंवा नेटवर नुसत्या नंबरावरून नोट्स शोधल्या की पदव्युत्तरच्या नोट्स हाती लागतात आणि पोरगा पहिल्याच आठवड्यात घाबरतो. नंबराबरोबर पदवीचं नाव, सेमिस्टर आणि पॅटर्नचं वर्ष कायम लिहा.

टप्पा ३ : पातळीच्या दोन मोजपट्ट्या वेगळ्या ठेवा

आयोगाच्या आराखड्यातले शंभराचे गट असे आहेत :

- ० ते ९९ : प्रास्ताविक पेपराला बसण्याआधीची पूर्वतयारी. फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, क्रेडिट नाही.
- १०० ते १९९ : पायाभूत, विषयाची ओळख करून देणारे.
- २०० ते २९९ : मधल्या पातळीचे, मेजर (मुख्य विषय) किंवा मायनरसाठी लागणारे.
- ३०० ते ३९९ : वरच्या पातळीचे, मेजर पुरा करायला लागणारे.
- ४०० ते ४९९ : प्रगत. संशोधन पद्धती, प्रकल्प, सेमिनार, प्रगत प्रयोगशाळा यांत येतात.
- ५०० ते ५९९ : दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचं पहिलं वर्ष.
- ६०० ते ६९९ : तिचं दुसरं वर्ष, किंवा एका वर्षाची पदव्युत्तर पदवी.
- ७०० च्या पुढे : पीएच.डी.

दुसरी मोजपट्टी राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याची. तिच्यात बारावी म्हणजे ४.०, पदवीचं पहिलं वर्ष ४.५, दुसरं ५.०, तिसरं ५.५ आणि चौथं ६.०. महाराष्ट्रात पदव्युत्तरचं पहिलं वर्षही ६.० आणि दुसरं ६.५ धरतात.

तक्त्याच्या डाव्या रकान्यात "लेव्हल ४.५" दिसलं की काही जण त्याला ४५० चा पेपर समजतात. ४.५ ही पूर्ण वर्षाची पातळी आहे, एका पेपराची नाही. तुमच्या सगळ्या प्रथम वर्षाला ४.५ लागलेलं असतं, त्यातल्या भाषेच्या पेपरालाही आणि योगाच्या पेपरालाही. पेपर निवडताना तिचा काडीचा उपयोग नाही. ती उपयोगी पडते मधेच शिक्षण सोडताना किंवा दुसऱ्या विद्यापीठात जाताना.

टप्पा ४ : क्रेडिटवरून आठवड्याचे तास काढा

थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तास. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर दोन क्रेडिटची थिअरी आठवड्याला दोन तास खाते आणि दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल चार.

हे गणित गावाहून ये-जा करणाऱ्यांनी आधी करावं. शिरपूरहून धुळ्याला एसटीच्या पासवर येणारा मुलगा प्रॅक्टिकलचा ओई घेतो. बॅच दुपारी तीनची लागते, सुटायला पाच आणि घरी पोचायला रात्र. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव भागातून नंदुरबारला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. मग हजेरी पडते आणि दोष पेपराच्या "अवघडपणा"ला दिला जातो. पातळी झेपणारी होती, वेळ झेपणारी नव्हती. बॅचची वेळ पेपर निवडण्याआधी विभागात विचारून घ्या.

सेमिस्टरची बेरीजही इथेच करा. एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट, वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. कागदावरची बेरीज २० च्या खाली आली तर एखादा खाना रिकामा राहिला आहे, २२ च्या वर गेली तर काहीतरी दोनदा धरलं आहे.

टप्पा ५ : पूर्वअट शोधा, साखळी उलटी वाचा

पातळी ठरवायची खरी जागा ही. नंबर बाहेरून कळतो, पूर्वअट आत शिरल्याशिवाय कळत नाही. काही सिलॅबसमध्ये "पूर्वअपेक्षित ज्ञान" अशी ओळ असते, पुष्कळांत ती नसते. नसली तर आपण काढायची.

रीत अशी. जो पेपर शेवटी घ्यायचा आहे तिथून मागे यायचं. समजा बी.ए.ला अर्थशास्त्र मेजर असलेल्या मुलीला संख्याशास्त्राकडे वळायचं आहे. तिसऱ्या वर्षाचा अर्थमितीचा पेपर उघडला तर पहिल्याच युनिटमध्ये प्रतिगमन दिसतं. प्रतिगमन समजायला सहसंबंध आणि विचरण यायला हवं, ते संख्याशास्त्राच्या पायाभूत पेपरात आहे. पायाभूत पेपराच्या पहिल्या युनिटमध्ये बेरजेचं चिन्ह, वर्गमूळ, आलेख आणि रेषेचं समीकरण लागतं. बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीचं गणित दहावीला सुटलेलं असतं. पण साखळीचं हे शेवटचं टोक दहावीच्या बीजगणितापर्यंतच येऊन थांबतं. याचा अर्थ १०० च्या गटातला पायाभूत पेपर तिला जमेल, मात्र वर्ग सुरू होण्याआधी दहावीचं पुस्तक पुन्हा काढावं लागेल. आणि तो पेपर न करता थेट अर्थमिती घेतली तर जमणार नाही. नंबराकडे नुसतं बघून यांतलं काहीच कळलं नसतं.

साखळी काढून झाली की स्वतःची परीक्षा घ्या. त्या पेपराची जुनी प्रश्नपत्रिका मिळवा, किंवा सिलॅबसमध्ये दिलेल्या संदर्भपुस्तकाचं पहिलं प्रकरण ग्रंथालयात बसून वाचा. उत्तरं यायला नकोत, प्रश्न काय विचारतोय हे कळलं पाहिजे. निम्म्याहून जास्त प्रश्नांचा रोखच कळत नसेल तर एक पातळी खाली या. सगळेच प्रश्न आत्ताच सुटत असतील तर तो पेपर तुमच्या खालचा आहे. गुण मिळतील, हाती काही लागणार नाही.

भाषेचाही विचार इथेच करा. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारी, मराठी माध्यमात बारावी झालेली मुलं विषयात कच्ची नसतात. पण संदर्भपुस्तकं इंग्रजीतच आहेत असा वरच्या पातळीचा पेपर पहिल्याच वर्षी घेतला तर त्यांना दोन आघाड्यांवर लढावं लागतं. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का आणि मराठी पुस्तक आहे का, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर नकारार्थी असेल तर माझा सल्ला असा, त्या सेमिस्टरला असा एकच पेपर घ्या, दोन नको.

तपासणी : निवडलेल्या प्रत्येक पेपरापुढे "याआधी काय यायला हवं" आणि "ते मी कुठे शिकलो" या दोन गोष्टी लिहिता आल्या पाहिजेत.

टप्पा ६ : खान्याप्रमाणे पातळी ठरवा

सगळ्या खान्यांना एकच मापदंड लावायचा नसतो.

*मेजर.* सक्तीच्या पेपरात निवड नाही, तेव्हा डोकं खपवू नका. निवड असते डीएसईमध्ये, आणि तिथे पुढे काय करायचं आहे त्यावर पेपर ठरवावा. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासक्रमाशी जो जास्त जुळतो तो घ्या, मग तो थोडा जड का असेना. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, हेही त्याच वेळी लक्षात घ्या. झेपत नसलेले तीन जड पेपर एकाच सेमिस्टरला घेऊन तीच टक्केवारी घालवणारी हुशार मुलं असतात.

*ओई.* राज्याच्या आराखड्यात याला १० ते १२ क्रेडिट आहेत आणि तो मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विद्याशाखा म्हणजे विभाग नव्हे. विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. इतिहास मेजर असलेल्याने राज्यशास्त्राचा ओई घेतला तर विभाग बदलला, विद्याशाखा तीच राहिली. असा पेपर बाद होतो आणि ते कळतं तेव्हा सेमिस्टर अर्धं उलटलेलं असतं. पातळीच्या बाबतीत ओई हा पायाभूतच हवा. दुसऱ्या विद्याशाखेच्या मुलांसाठी तो मुद्दाम रचलेला असतो. एखादा पेपर त्या विभागाच्या स्वतःच्या मुलांनाही सक्तीचा दिसत असेल, तर तो ओई म्हणून घेण्याआधी शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेटा.

*मायनर.* इथे एकदा घेतलेला निर्णय तीन वर्षं सोबत राहतो. मायनरला १८ ते २० क्रेडिट आहेत आणि ते पहिल्या तीन वर्षांत पूर्ण करायचे असतात. पहिला पेपर १०० च्या गटातला, सोपा, गोड वाटणारा. त्यावर भाळून मुलं मायनर घेतात आणि चौथ्या-पाचव्या सेमिस्टरला त्याच विषयाचा मधल्या पातळीचा पेपर समोर येतो. म्हणून मायनर निवडताना पहिला पेपर बघूच नका, शेवटचा बघा. तो वाचून पोटात गोळा आला नाही तरच होकार द्या. मायनर त्याच विद्याशाखेतलं चालतं, ओईची अट त्याला लागत नाही. या दोन अटींची अदलाबदल करणारे बरेच भेटतात.

*बाकीचे खाने.* एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस यांत पातळीचा प्रश्न सहसा येत नाही. सिलॅबस बघा, शिकवणारे कोण आहेत ते बघा आणि पुढे चला.

टप्पा ७ : स्वयमवरचा कोर्स घेत असाल तर

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. त्यावरच्या एनपीटीईएल (आयआयटींनी चालवलेल्या) कोर्सला "एनओसी२४-सीएस०१" अशा धाटणीचा कोड असतो. त्यातले २४ हे वर्ष, सीएस हा विषय आणि ०१ हा अनुक्रम. ०१ पाहून कोर्स प्राथमिक आहे असं समजणं ही नेहमीची चूक. पातळी कोर्सच्या पानावर पदवी की पदव्युत्तर अशी वेगळी लिहिलेली असते, ती वाचा. "कोणासाठी" आणि "पूर्वअट" या ओळीही तिथेच असतात.

क्रेडिटही जुळवून घ्या. एनपीटीईएलमध्ये साधारणपणे ४ आठवड्यांना १, ८ ना २ आणि १२ ना ३ क्रेडिट. तुमच्या खान्यात ४ क्रेडिट हवे असतील तर १२ आठवडे खपूनही एक क्रेडिट कमी पडतं. नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात, पण ते तुमच्या खान्यात धरायचे की नाही हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं.

सावधान : आधी विभागप्रमुखांची लेखी मान्यता, मग नोंदणी. परीक्षा केंद्र कुठलं मिळतंय हेही परीक्षेचं शुल्क भरण्याआधी बघा. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात आणि दोन्हीकडे वेगवेगळं ४० टक्के लागतं. नुसत्या असाइनमेंट करून प्रमाणपत्र मिळत नाही.

टप्पा ८ : बाहेरच्या विद्यापीठाचा नंबर वाचताना

नंबरावर भरवसा ठेवायचा नाही, हे इथे फार कामाला येतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी १०० आणि २०० चे गट खालच्या वर्षांचे, ३०० आणि ४०० चे वरच्या आणि ५०० पासून पदव्युत्तर. पण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १ ते ९९ हे खालच्या वर्षांचे, १०० ते १९९ वरच्या वर्षांचे आणि २०० पासून पदव्युत्तर. तिथला गणिताचा ११० हा रेषीय बीजगणिताचा वरच्या पातळीचा पेपर आहे. एमआयटीत तोच विषय १८.०६ या नंबराने ओळखला जातो, आणि १८ हा गणित विभागाचा आकडा आहे. इंग्लंडमध्ये पदवीचं पहिलं वर्ष म्हणजे लेव्हल ४, शेवटचं ६ आणि मास्टर्स ७. ती लेव्हल आणि आपली ४.५-५.०-५.५ ही मोजपट्टी एक नाही.

परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात अर्ज करताना आपला कोड त्यांच्या कोडशी जुळवायच्या फंदात पडू नका. पेपराचं नाव, सेमिस्टर, क्रेडिट, तास आणि सिलॅबसची प्रत द्या. जुळणी त्यांचे लोक करतात. म्हणूनच तीन वर्षांचे सगळे सिलॅबस आत्ताच उतरवून ठेवा. संकेतस्थळावरून जुना पॅटर्न हलला की तो शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

टप्पा ९ : फॉर्म भरताना आणि भरल्यानंतर

निवड बरोबर असूनही वर्ष वाया जाऊ शकतं, आणि ते फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये जातं. नेहमी दिसणारं चित्र असं : शेवटची तारीख, सायबर कॅफेत रांग, सर्व्हर मंद. पडद्यावर एकाच नावाच्या पेपराच्या दोन ओळी, एकीत जुन्या पॅटर्नचा कोड, दुसरीत नव्याचा. कॅफेवाला वरची ओळ दाबतो. खुर्चीमागे उभी असलेली मुलगी विचारते, "दादा, हाऊच पेपर शे ना?" तो म्हणतो, "नाव तेच आहे ना, मग झालं." झालेलं नसतं. संलग्न महाविद्यालयांत पदवीला नवा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. त्याआधी प्रवेश घेतलेल्या आणि बॅकलॉग राहिलेल्या मुलांचा पेपर जुन्या पॅटर्नचा असतो. नाव सारखं असलं तरी युनिट आणि गुणांची वाटणी वेगळी असू शकते.

म्हणून फॉर्म भरताना हा क्रम पाळा :

१. कागदावरचा कोड आणि पडद्यावरचा कोड एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. नावावर जाऊ नका.

२. बॅकलॉगचा पेपर असेल तर ज्या गुणपत्रिकेत तो राहिला, तिच्यावरचाच कोड घ्या. तो पेपर आता बंद झाला असेल तर त्याच्या जागी कोणता धरतात हे परीक्षा विभागाला विचारा, वर्गमित्राला नाही.

३. थिअरी आणि प्रॅक्टिकल यांचे कोड वेगळे असतील तर दोन्ही निवडले का ते पाहा. एकच टिक करून निघून जाणारे दरवर्षी असतात.

४. शुल्क भरण्याआधी पूर्वावलोकन उघडा आणि क्रेडिटची बेरीज पुन्हा करा.

५. भरलेल्या फॉर्मची प्रत आणि शुल्काची पावती स्वतःकडे ठेवा. कॅफेच्या संगणकावर "सेव्ह आहे" याला अर्थ नाही.

क्रेडिट बँकेचं (जिथे तुमचे क्रेडिट ऑनलाइन जमा होतात) खातं आणि १२ अंकी अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, आधारवरच्या नावाशी जुळतो का, तेही याच बैठकीत बघून घ्या. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी असा प्रकार आपल्याकडे सर्रास असतो, आणि मग क्रेडिट खात्यात चढत नाहीत. खात्यात जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात.

चुकीचा पेपर निवडला गेल्याचं लक्षात आलं तर थांबू नका. बदलाची मुदत बहुतेक ठिकाणी थोडीच असते. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करा. त्यात चुकून निवडलेला कोड, हवा असलेला कोड, खाना, सेमिस्टर आणि एका ओळीत कारण लिहा. "विषय बदलून मिळावा" एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो, कारण कोणता विषय ते शोधायला कारकुनाला वेळ नसतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचचा शिक्का घ्या. हॉल तिकीट आलं की ते आधी कोडसाठी वाचा, परीक्षा केंद्रासाठी नंतर. तिथेही जुनाच कोड दिसला तर तो शिक्का घेऊन त्याच दिवशी परीक्षा विभागात जा. पेपराच्या दिवशी वर्गात पर्यवेक्षकाला तो बदलता येत नाही.